तीन नंबरचा माग

“एनाय्तु?” चन्नप्पांनी दारातूनच विचारलं. अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती.

नंदीशने मान वर केली नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीच ओळ पुन्हा उमटली होती आणि तो तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. डोळे वटारले तर ती घाबरून निघून जाईल, अशी त्याला आशा असावी.

“काय झालं म्हणून विचारतोय की,” चन्नप्पा आता मराठीत म्हणाले.

“शेवटच्या पायरीला अडकलंय, अण्णा.”

“काल पण शेवटच्याच पायरीला अडकलं होतं.”

“कालची पायरी येगळी होती.”

“तुझ्या जिन्याला पायऱ्या तरी किती हायत रे?” चन्नप्पा खुर्चीत बसले आणि हातातली कापडी पिशवी टेबलावर ठेवली. आत काय आहे ते नंदीशला न उघडता कळलं. जळलेल्या बोर्डाचा वास त्याला आता घरच्या आमटीइतका ओळखीचा झाला होता. “घे. सात नंबरचा पण गेला. लाइट गेली, आली, आणि ह्यो गेला. आता तीनच माग चालू हायत.”

चन्नप्पांचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, नंदीशच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून. टॉवेल विणणारे आठ माग, आणि प्रत्येक मागाच्या डोक्यावर एक जकार्ड. ताण्याचे कुठले दोरे कधी उचलायचे ते जकार्ड ठरवतं, म्हणून टॉवेलावर मोर उमटतो, नाहीतर एखाद्या लॉजचं नाव उमटतं. पूर्वी हे काम भोकं पाडलेले पुठ्ठे करायचे. पंधराएक वर्षांपूर्वी चन्नप्पांनी पुठ्ठे काढून टाकले आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवले. बोर्ड परदेशातून आले होते, पण त्यांना माग हाकायला शिकवलं ते शिवयोगीने. शिवयोगी हा नंदीशचा भागीदार. दुकानाच्या पाटीवर ‘शिवनंदी इलेक्ट्रॉनिक्स’ असं लिहिलंय, त्यातला शिव तो.

दोघांची वाटणी सरळ होती. तारा, सोल्डरचे डाग, जळके भाग, मालकांच्या शिव्या हे नंदीशकडे. कॉम्प्युटरवर जे काही लिहायचं ते शिवयोगीकडे. गल्लीतले लोक एकाला हात आणि दुसऱ्याला डोकं म्हणायचे. नंदीशला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट जेवणाचा डबा खाताना तो स्वतःच हा विनोद सांगायचा. दोन वर्षांपूर्वी शिवयोगीला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मराठी तर पार पुसली. लहानपणची कानडी तेवढी दोन-तीन शब्दांपुरती शिल्लक राहिली. तेव्हापासून नंदीश तो विनोद सांगत नाही.

जुने बोर्ड आता कुठेच तयार होत नाहीत. सोलापूरचा उन्हाळा, कापसाची पिंज आणि लहरी वीज यांनी ते एकेक करून खाल्ले. नवे बोर्ड मिळतात, पण त्यांच्यातली चिप वेगळी, म्हणून त्यांना नवं कर्नल लागतं. कर्नल म्हणजे बोर्डाला जाग आणणारी मूळ प्रणाली. ते नसेल तर बोर्ड म्हणजे हिरवा पत्रा. आणि ते बांधण्याएवढा दम त्या बोर्डात नसतो. दुकानातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर बसून, त्या कॉम्प्युटरला न कळणाऱ्या बोर्डाच्या भाषेत ते बांधावं लागतं. चाळिशी उलटल्यावर नंदीश दिवाळीपासून हे शिकत होता. मुळाक्षरांपासून.

सुरुवातीला लिहिलेलं बोर्डाच्या भाषेत उतरवणारा कंपायलर पावलोपावली अडवायचा. हे नाव ठाऊक नाही, ती फाइल कुठाय, हे काम आता असं करत नाहीत. नंदीश चूक दाखवणारा संदेश जसाच्या तसा इंटरनेटवर टाकायचा. जगातल्या कुठल्यातरी कोपऱ्यात कुणीतरी कधीकाळी तेच रडगाणं गायलेलं असायचं आणि खाली कुणा भल्या माणसाने उपाय सांगितलेला असायचा. कधीकधी मात्र रडगाणं गाणाराच खाली लिहून जायचा की माझं जमलं, सगळ्यांचे आभार. कसं जमलं ते नाहीच. अशा माणसांना नंदीश एकटाच बसून मनापासून शिव्या द्यायचा.

अशा रीतीने कंपायलर वठणीवर आला. आता अडवत होता तो लिंकर. कंपायलर सुटे तुकडे तयार करतो आणि लिंकर ते एकमेकांना जोडतो. मागावरच्या संपत आलेल्या बीमच्या, म्हणजे ताण्याच्या रुळाच्या, दोऱ्यांना नव्या बीमचे दोरे एकेक गाठ मारून जोडतात, तसंच ते काम. सगळे तुकडे जुळत होते, एक सोडून. तो एक तुकडा म्हणजे शिवयोगीचा ड्रायव्हर, जकार्डचे हूक उचलणारा. तो आयता बांधलेला, पण फार जुन्या कंपायलरने. एका तुकड्याने दुसऱ्याच्या हातात आकडा कसा द्यायचा, याची रीतच मधल्या काळात बदलली होती. जुनं कर्नल नवा बोर्ड ओळखत नव्हतं आणि नवं कर्नल जुना ड्रायव्हर पदरात घेत नव्हतं. पडद्यावरची ओळ एवढंच सांगत होती.

“शनिवारी गाडी येणार हाय,” चन्नप्पा म्हणाले.

“कसली?”

“भंगाराची. तीन मागांवर कारखाना चालत न्हाय, नंदीश. आणि नवीन जकार्ड घ्यायचं तर घोड्यापरीस खोगीर महाग. शनिवारपतुर एक, फक्त एक माग नव्या बोर्डावर चालवून दाखीव. मी गाडी आल्या वाटंनं परत पाठवतो. न्हायतर आठच्या आठ माग वजनावर जातेत.” त्यांनी जळका बोर्ड पिशवीतून बाहेर काढला, पुन्हा आत घातला. “तुला ते मूळ लिहिलेलं पायजे, व्हय ना? शिवयोगीनं हातानं लिहिलेलं?”

“ते असलं तर एका दिवसात बांधून देतो. पण ते दुकानात ठेवायचं न्हाय म्हणून तुमीच सांगितलं होतं की.”

चन्नप्पांनी सांगितलं होतं खरं. या भागात आज आपल्या मागावर उतरलेला मोर आठ दिवसांत शेजाऱ्याच्या मागावर नाचायला लागतो. म्हणून चन्नप्पांच्या वडिलांपासूनची पद्धत अशी की, डिझाइनचा मूळ पुठ्ठा कारखान्यात ठेवायचा नाही, घरी देवापाशी ठेवायचा. तीच अट त्यांनी शिवयोगीला घातली आणि त्यानेही ती देवाची आज्ञा असल्यासारखी पाळली. सगळं लिखाण एका पेनड्राइव्हवर घेतलं, कॉम्प्युटरवरचं पुसून टाकलं आणि पेनड्राइव्ह घरच्या देव्हाऱ्यात ठेवला. हा ड्रायव्हर जगात दुसऱ्या कुणाकडे गेला नाही. तो चालायचा चन्नप्पांच्या आठ मागांवर आणि तेवढ्याच ठिकाणी. माग वजनावर गेले की शिवयोगीने आयुष्यात केलेली ती एकच मोठी गोष्ट संपली, हे नंदीशला दिवाळीपासून दिसत होतं, आणि तेच त्याला खात होतं.

“मग जा की त्याच्या घरी,” चन्नप्पा म्हणाले. “देवापाशी ठेवलेलं कुटं जातंय?”

नंदीश ते टाळत आला होता. तो शिवयोगीकडे दर रविवारी जायचा, पण कामाचं नाव काढायचा नाही. पेनड्राइव्ह मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर सांगायचं की, तू आता परत येत नाहीस, तुझं सामान दे. ते त्याच्याच्याने होत नव्हतं. पण शनिवार तोंडावर आला होता. त्याने सगळं काम लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि दुपार कलल्यावर गाडीला किक मारली.

शिवयोगीचं घर नीलमनगरात. त्याची बायको महेश्वरी ओसरीत शेंगाची चटणी कुटत बसली होती. घरोघरी चटणी पुरवायची, त्यावर आता घर चालत होतं.

“या भावजी. आज मधल्या वारीच?” ती पदराला हात पुसत उठली. “अवो, बघा कोण आलंय.”

खिडकीपाशी पलंगावर शिवयोगी उशीला टेकून बसला होता. त्याने डावा हात वर केला. “हौदु,” तो म्हणाला. हौदु म्हणजे हो. तो, ‘इल्ल’ म्हणजे नाही, आणि ‘ईग’ म्हणजे आत्ता, एवढ्या तीन शब्दांत त्याचं सगळं बोलणं आता बसत होतं.

नंदीशने इकडचं तिकडचं विचारलं, पाणी प्यायला, आणि मग एका दमात, भंगाराच्या गाडीचं नाव न काढता, शनिवारी नव्या बोर्डावर माग चालवायचाय हे आणि पेनड्राइव्हचं बोलून टाकलं. शिवयोगीला राग येईल असं त्याला वाटलं होतं. शिवयोगीचे डोळे चमकले. “हौदु, हौदु,” म्हणत त्याने देव्हाऱ्याकडे बोट केलं.

महेश्वरीने हातपाय धुतले आणि देव्हाऱ्यातून पितळेची छोटी ताटली दोन्ही हातांनी उचलून आणली. ताटलीत बेलाची पानं होती, आणि पानांवर बोटाएवढं काहीतरी, लाल-पांढऱ्या थरांनी लिंपलेलं. तो पेनड्राइव्ह आहे हे कळायला नंदीशला क्षणभर वेळ लागला.

“खंडेनवमीला हत्यारं पुजतो की आपण,” महेश्वरी सांगू लागली. “ह्यांना बरं होतं तवा हे नुसतं एक फूल वाहायचे. आजारी पडल्यावर मी म्हटलं, ह्यांचं खरं हत्यार तर हेच हाय. मग दर सोमवारी सिद्धेश्वराचं तीर्थ आणून ह्याच्यावर घालते, विभूती लावते, कुंकू लावते. एक सोमवार चुकवला न्हाय, भावजी.”

नंदीशने ताटलीतून पेनड्राइव्ह उचलला. त्याने टोपण ओढलं, ते निघेना; नखाने उचकटलं तर आतला पत्रा शेवाळासारखा हिरवा. सदऱ्याने पुसून त्याने तो लॅपटॉपला लावला. काही झालं नाही. फिरवून, दाबून, पुन्हा लावला. शेवटी खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने त्याचं कवच उघडलं आणि उजेडाकडे धरलं. आतल्या तांब्याच्या रेघा खाल्ल्या गेल्या होत्या, चिपच्या पायांशी कुंकवाचा चिखल वाळून बसला होता. आयुष्यभर जळके, बुडालेले, उंदरांनी कुरतडलेले बोर्ड जिवंत करून पोट भरलेला माणूस तो. इथे डाग द्यायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

“पाण्यानं झालं का वो?” महेश्वरीने हळूच विचारलं.

“छे. जुनं झालं की हे असं होतंच, वहिनी.”

“मी आपलं ह्यांना बरं वाटावं म्हणून...”

“तुमच्यामुळं न्हाय झालं,” नंदीश जरा जोरातच म्हणाला. तिच्याकडे बघण्याची हिंमत त्याला झाली नाही. दोन वर्षं सोमवारमागून सोमवार ही बाई नवऱ्यासाठी देवापुढे उभी राहिली, आणि तिच्याच हातून हे व्हावं, याचा त्याला देवावर राग आला.

तेवढ्यात पलंगावर धप्प असा आवाज झाला. शिवयोगी डाव्या हाताने गादीवर थापा मारत होता आणि लॅपटॉपकडे बोट दाखवत होता. “ईग. ईग.”

“द्या की त्यांना,” महेश्वरी म्हणाली. “डाक्टर म्हणले होते, जुन्या कामाला हात लागला तर फरक पडंल. तुमी कधी आणलाच न्हाय, मी पण म्हटलं कशाला बोला.” तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की नंदीशला स्वतःची लाज वाटली. दोन वर्षं आपण कामाचं नाव काढलं नाही ते याला जपायचं म्हणून, असं तो स्वतःला सांगत आला होता.

त्याने शिवयोगीच्या मांडीवर उशी ठेवून तिच्यावर लॅपटॉप ठेवला आणि लिंकरची ती ओळ पडद्यावर आणली. शिवयोगी पुढे झुकला. तो वाचत होता की नुसता बघत होता, कुणास ठाऊक. पण त्याच्या कपाळावर आठी पडली, आणि ती आठी नंदीशच्या ओळखीची होती. मग डाव्या हाताचं एक बोट अक्षरं शोधू लागलं. एक अक्षर चुकलं, ते त्याने पुसलं, पुन्हा शोधलं. बाहेर रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, तो गल्लीच्या टोकाला पोचला तेव्हा कुठे दोन शब्द पूर्ण झाले. मेक क्लीन.

आतापर्यंत बांधलेलं सगळं पुसून टाक, असा तो हुकूम. पूर्वी चूक कुठलीही असो, शिवयोगीचा पहिला उपाय हाच. आधी पाटी कोरी कर, मग बोल, असं तो म्हणायचा, आणि निम्म्या वेळा गुण यायचाही. शिवयोगीने बटण दाबलं. पडद्यावरून सगळे बांधलेले तुकडे नाहीसे झाले, आणि त्यांच्याबरोबर ड्रायव्हरही. तोही बांधलेलाच तुकडा, लॅपटॉपला काय कळणार की तो पुन्हा कधी बांधता येणार नाही. अर्थात नंदीशने त्याची दुसरी प्रत दुकानात ठेवली होती, तो इतका खुळा नव्हता. फाइल गेल्याचं त्याला काहीच वाटलं नाही. पण ज्याने तो ड्रायव्हर महिनोन्‌महिने खपून लिहिला त्याला, आपण काय पुसलं, याचा पत्ता नव्हता. शिवयोगी कधीतरी परत खुर्चीत येऊन बसेल, ही आशा नंदीशने मनाच्या तळाशी अजून ठेवली होती, ती तिथेच गेली.

शिवयोगी मान वर करून त्याच्याकडे बघत होता. वाकडं झालेलं तोंड हसत होतं. बोट पडद्याकडे. “ईग!”

आता बांध.

बांधायला घेतलं असतं तर ड्रायव्हर सापडत नाही म्हणून लॅपटॉपने पुन्हा हात वर केले असते. “थांब, चार्जर सैल झालाय,” नंदीश म्हणाला. त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्या यादीतून ड्रायव्हरपुढची खूण काढून टाकली. आता लिंकरला नाकारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग त्याने लॅपटॉप परत उशीवर ठेवला आणि बांधायचा हुकूम शिवयोगीलाच देऊ दिला.

ओळींमागून ओळी पळू लागल्या. लॅपटॉप जुना, पंखा घरघरायला लागला. महेश्वरीने चहा केला, दिवा लावला, चटणी डब्यात भरली. शिवयोगीने चहाला हात लावला नाही. तो त्या ओळी बघत होता, मधूनच मान डोलवत होता. नंदीश त्याच्या शेजारी बसून राहिला. पूर्वी दुकानात असेच दोघे बसायचे, कर्नल बांधून होईपर्यंत शेंगा फोडत आणि गिऱ्हाइकांची टिंगल करत. बऱ्याच वेळाने ओळी थांबल्या आणि कर्नल तयार झाल्याचा संदेश आला. एकही चूक नाही.

शिवयोगी मोठ्याने हसला. दोन वर्षांत त्या घरात तो आवाज झाला नव्हता. “हौदु! हौदु!”

महेश्वरी दारात उभी होती. “जमलं का त्यांना, भावजी?”

“जमलं, वहिनी,” नंदीश म्हणाला. ते कर्नल बोर्डाला जागं करणार होतं आणि एकही हूक उचलणार नव्हतं.

तिने देवापुढे साखर ठेवली. परत आली तेव्हा डोळे ओले होते. “मग शनिवारी त्यांना माग चालताना बघू दे. तुमी येऊ नका न्यायला, मी घालते रिक्षात आणि घेऊन येते. त्यांचं त्यांनी बघितलं तर लई बरं वाटंल.”

नंदीशने लॅपटॉप पिशवीत घालता घालता होकार दिला.

पुढचे दिवस त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढून काढले. बांधलेल्या ड्रायव्हरचे आकडे उलगडून त्यावरून मूळ लिखाण काय असेल ते तो ताडायला बसला. थोडंफार जमलंही. जे जमलं त्याचा एक ओबडधोबड ड्रायव्हर त्याने नव्या पद्धतीने बांधला आणि या खेपेला लिंकरने तो मुकाट्याने घेतला. नंदीश खुर्चीतून उठलाच. शुक्रवारी दुपारी नवा बोर्ड त्याने एक नंबरच्या मागावर चढवला. भीमाशंकर हा चन्नप्पांचा सगळ्यात जुना विणकर, त्याने माग सुरू केला.

सगळे हूक एकदम वर गेले आणि वरच राहिले. पुढच्याच ठोक्याला ताण्याचे दोरे तटातटा तुटले. भीमाशंकरने झडप घालून माग बंद केला.

“टायमिंग न्हाय ह्याला,” तो म्हणाला. “शिवयोगी सायब कान लावून बसायचे मागाला. येकेका मागाचा ठेका ऐकून लावायचे.”

नंदीशला ते माहीत होतं. ते ठेके आकड्यांच्या कुठल्या ढिगात आहेत हे हुडकायला त्याला आणखी एक दिवाळी लागली असती, आणि तरी सापडले असते असं नाही. त्याने तुटलेले दोरे हातात घेतले, काय करावं न कळून त्यांची गुंडाळी केली आणि खिशात घातली. मग चन्नप्पांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला आणि जमत नाही म्हणून सांगितलं. त्याच दमात नीलमनगरातलं खोटंही सांगून टाकलं.

चन्नप्पा भडकून खुर्चीवरून उठले. “आणि आता मी काय नाटक करायचं व्हय? गाडीवाल्याकडनं इसार घेऊन बसलोय मी!” त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. “तीन नंबर चांगला चालतोय. त्याच्या बायकोला म्हण, सकाळीच घेऊन ये. गाडीवाल्याला दुपारी ये म्हणून सांगतो.”

गाडीवाला ऐकणाऱ्यातला नव्हता. शनिवारी नंदीश पोचला तेव्हा ट्रक फाटकाशी मागचं तोंड करून उभा होता. हमाल सावलीत बिड्या ओढत बसले होते आणि गॅस कटरची नळकांडी भिंतीला टेकवून ठेवली होती. पाच मागांचा ताणा कापून झाला होता. चन्नप्पा दारातच होते. “मी पाया पडून थांबवलंय,” ते म्हणाले, “कुणाच्या पडलो न्हवतो आजवर.”

रिक्षा आली. महेश्वरीने शिवयोगीला पांढरा शर्ट घातला होता, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. नंदीशने आणि भीमाशंकरने त्याला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आत नेलं आणि तीन नंबरच्या मागासमोर ठेवलं. वर जकार्डच्या पेटीत जुनाच बोर्ड होता. पेटीचं झाकण नंदीशने घट्ट लावून ठेवलं होतं.

माग सुरू झाला. खडखडाटाने पत्रे हलले. शिवयोगीने डोळे मिटले. मान थोडी तिरकी करून तो ऐकू लागला आणि त्याचं डावं बोट खुर्चीच्या हातावर ठोके मोजू लागलं, एकही ठोका न चुकवता. हूक चढत होते, उतरत होते. पांढऱ्या टॉवेलावर निळा मोर खालून वर हळूहळू भरत आला. नंदीश मोराकडे बघत नव्हता. तो त्या बोटाकडे बघत होता, आणि आपल्याला हे कधीच जमणार नव्हतं हे त्याला आता नीट कळत होतं.

महेश्वरी त्याच्या जवळ आली. आवाजात ऐकू जावं म्हणून कानाशी येऊन म्हणाली, “नवा बोर्ड त्यो वर हाय का?”

एकदा खोटं बोलणं जमलं होतं. दुसऱ्यांदा जमेना. नंदीशने मान खाली घातली. महेश्वरीने शेजारच्या मागांकडे बघितलं, त्यांच्या कापलेल्या ताण्याकडे, मग दारातून दिसणाऱ्या ट्रककडे. ती खेड्यातून आलेली बाई, कर्नल आणि लिंकर तिला काय ठाऊक. पण कारखान्याच्या दारात भंगाराची गाडी का लागते हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही.

“किती येळ चालंल अजून?” तिने विचारलं.

“ह्यो टॉवेल पुरा होईस्तोवर.”

तिने मान हलवली आणि नवऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

मोराचा तुरा पुरा झाला. भीमाशंकरने काठ विणू दिला, माग थांबवला आणि कात्रीने टॉवेल कापून काढला. अजून शिलाई नव्हती, दोन्ही कडांना दोरे लोंबत होते. चन्नप्पांनी तो घेतला. कारखान्याला भेट द्यायला येणाऱ्या साहेबांना आणि पुढाऱ्यांना टॉवेल-नारळ देऊन मान करायची त्यांची जुनी रीत; असे शेकडो टॉवेल त्यांनी खांद्यांवर टाकले होते आणि टाकताना दुसरीकडेच बघितलं होतं. आज त्यांनी दोन्ही हातांनी टॉवेल उलगडला, शिवयोगीच्या खांद्यावर ठेवला आणि त्याच्याच डोळ्यांत बघितलं.

“तुझ्यामुळं चालले माझे माग,” ते कसंबसं म्हणाले.

“हौदु,” शिवयोगी म्हणाला. मग थांबलेल्या मागाकडे बघून त्याने बोट हलवलं. चालू कर. “ईग. ईग.”

भीमाशंकर कात्रीला चिकटलेले दोरे काढू लागला. महेश्वरीच पुढे वाकली. “आता कामगारांची जेवायची सुट्टी झाली,” ती त्याला म्हणाली, आवाज अगदी रोजचा. “चला, आपण पण जेवू घरी जाऊन.”

त्याला खुर्चीसकट बाहेर आणलं. ऊन डोक्यावर आलं होतं. रिक्षा फाटकाच्या एका बाजूला, ट्रक दुसऱ्या बाजूला, आणि मधून जेमतेम वाट. “थांबा जरा, लई ऊन हाय,” महेश्वरी म्हणाली. तिने शिवयोगीच्या खांद्यावरचा टॉवेल उचलला, त्याच्या डोक्यावरून घेतला आणि ट्रकच्या बाजूचं टोक गालावरून खाली ओढून हाताने धरून ठेवलं. ते तिने रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही.

रिक्षा गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत हमाल थांबले. मग त्यांच्यातला एकजण कटर घेऊन आत आला आणि तीन नंबरच्या मागाशी उभा राहिला.

“करायचं का सुरू?”

नंदीशने भीमाशंकरकडे पाना मागितला, स्टूल ओढलं आणि जकार्डच्या पेटीपर्यंत वर चढला. “बोर्ड आधी काढतो,” तो म्हणाला. “मग करा.”